सिस्टम फाइल गहाळ असल्याचा संदेश : जुन्या एक्सपी संगणकाच्या दुरुस्तीच्या नोंदी

हा संगणक पेंटियम ४ प्रोसेसरचा असून त्यात ५१२ मेगाबाइट रॅम, ८० गीगाबाइटची आयडीई हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी प्रोफेशनल आहे. मूळ सीडी सर्व्हिस पॅक २ ची आहे (सर्व्हिस पॅक म्हणजे विंडोजच्या सुधारणांचा एकत्र संच); सर्व्हिस पॅक ३ नंतर चढवलेला आहे, आणि हा फरक पुढे एकाहून अधिक ठिकाणी आडवा आला. संगणकाच्या पॅरलल पोर्टला स्टिकर कापणारा एक जुना प्लॉटर जोडलेला आहे. तो चालवणाऱ्या प्रोग्रॅमची सीडी आता कोणाकडेच नाही आणि त्याचा परवाना याच संगणकावरच्या स्थापनेशी बांधलेला आहे. त्यामुळे ‘डिस्क फॉरमॅट करा आणि विंडोज नव्याने टाका’ हा सहज मिळणारा सल्ला इथे लागू पडत नव्हता. विंडोज परत आले असते, पण ज्या कामासाठी हा संगणक ठेवला आहे ते काम कायमचे बंद झाले असते. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला असल्याने संगणकाला नेटवर्कची केबल जोडलेली नाही, आणि दुरुस्तीच्या काळातही ती जोडली नाही.

६ जून

सुरू करताच काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश येतो : विंडोज सुरू होऊ शकले नाही, कारण \विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग\सिस्टम ही फाइल गहाळ आहे किंवा बिघडलेली आहे. संदेशाचा फोटो काढून ठेवला. ‘एक सिस्टम फाइल नाही असे काहीतरी येते’ एवढ्या माहितीवर दुरुस्ती करता येत नाही. फाइलचे नाव आणि तिचा पूर्ण मार्ग अक्षरन् अक्षर हाताशी हवा, कारण सगळा तपास त्या नावापासून सुरू होतो.

एक्सपी सुरू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा आरंभीचा प्रोग्रॅम, आधी डिस्कचा पहिला सेक्टर (५१२ बाइटचा तुकडा) वाचतो, तो सेक्टर चालू विभागाच्या बूट सेक्टरकडे काम सोपवतो, आणि बूट सेक्टर एनटीएलडीआर ही फाइल शोधतो. ती फाइल मिळाली नाही तर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ एवढेच दिसते. ती मिळाली तर ती बूट डॉट आयएनआय वाचते, एनटीडिटेक्टकडून यंत्रभागांची यादी घेते, मग विंडोजचा गाभा असलेली एनटीओएसकर्नल आणि तिच्यासोबत गाभ्याला यंत्रभागांशी जोडणारी हाल डॉट डीएलएल स्मृतीत आणते आणि त्यानंतर रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या मांडणीच्या साठ्याचा, ‘सिस्टम’ हा हाइव्ह (रजिस्ट्रीचा एक भाग ठेवणारी फाइल) उघडते. म्हणजे पडद्यावर ज्या फाइलचे नाव येते तिच्या आधीच्या सगळ्या पायऱ्या पार पडलेल्या असतात. आपल्या बाबतीत गाभा आणि हाल वाचून झाले होते आणि लोडर, म्हणजे एनटीएलडीआर, रजिस्ट्रीपाशी थांबला होता. त्यामुळे बूट सेक्टर नव्याने लिहिण्याच्या फिक्सबूट किंवा फिक्सएमबीआर या आज्ञा देण्याचे कारणच नव्हते. संदेशात नाव असलेली फाइल ही लोडर कुठे थांबला त्याची खूण असते. तो का थांबला हे संदेश सांगत नाही, आणि ‘गहाळ’ म्हणजे अनेकदा ‘वाचता आली नाही’ एवढेच असते.

एफ८ दाबून येणाऱ्या यादीतून ‘लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन’ निवडून पाहिले, नंतर सेफ मोड पाहिला. दोन्ही वेळा तोच संदेश आला. हे अपेक्षितच होते, कारण शेवटची चांगली मांडणी कुठे वेगळी साठवलेली नसते. ती त्याच ‘सिस्टम’ हाइव्हमध्ये दुसऱ्या कंट्रोल सेटच्या, म्हणजे ड्रायव्हर आणि सेवांच्या मांडणीच्या संचाच्या, रूपात असते. हाइव्हच उघडत नसेल तर त्याच्या आतली पर्यायी मांडणी मिळणार कुठून? सेफ मोडलाही कोणते ड्रायव्हर उचलायचे हे त्याच हाइव्हमधून कळते. हा संदेश आलेल्यांनी एफ८ चे पर्याय एकदा पाहून घ्यावेत, पण त्यांवर संध्याकाळ घालवू नये.

सीडीवरून विंडोजची दुरुस्ती-स्थापना आज केली नाही. जिची डिस्क बिघडत असण्याची शक्यता आहे अशा यंत्रावर, मूळ माहितीची प्रत हातात नसताना, शेकडो फाइली नव्याने लिहिणे मला योग्य वाटत नाही.

७ जून

बायोसमध्ये गेल्यावर घड्याळ २००२ साल दाखवत होते. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी काढून मल्टिमीटरवर मोजली; ३ व्होल्टच्या जागी अडीचपेक्षाही कमी दाब मिळाला. बॅटरी काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो घेतला होता, विशेषतः बूटचा क्रम आणि पॅरलल पोर्टची पद्धत यांचा. बॅटरी गेल्यावर या गोष्टी मूळपदावर जातात, आणि जुन्या प्लॉटरला पॅरलल पोर्ट ठराविक पद्धतीतच लागतो.

नवी बॅटरी बसवून सुरू केल्यावर संदेशच बदलला आणि ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असे आले. आता बूट फाइलही गेली असे वाटण्याजोगी ही स्थिती होती. प्रत्यक्षात प्रत काढण्यासाठी लावून ठेवलेली यूएसबी डिस्क बायोसने, बॅटरी काढल्यावर परत आलेल्या मूळ क्रमानुसार, आधी निवडली होती. त्या डिस्कवर एनटीएफएस विभाग आणि त्याचा बूट सेक्टर आहे, पण एनटीएलडीआर नाही. म्हणून तिच्या बूट सेक्टरने प्रामाणिकपणे तसे सांगितले. यूएसबी डिस्क काढून बूटचा क्रम पूर्वीसारखा केल्यावर पहिला संदेश परत आला. ज्यांना एनटीएलडीआरचा संदेश दिसतो त्यांनी कोणतीही फाइल कॉपी करण्याआधी फ्लॉपी, पेन ड्राइव्ह आणि जास्तीच्या डिस्का काढून एकदा पाहावे. घरातला दिवा लागला नाही तर फ्यूज बदलण्याआधी बटण पाहावे, तसेच हे आहे.

आतली धूळ काढली. मदरबोर्डवरचे कपॅसिटर एकेक करून पाहिले. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक बोर्डांवर ते वरून फुगतात किंवा त्यांतून तपकिरी द्रव झिरपतो, आणि मग वीजदाब अस्थिर होऊन डिस्कवरचे लिखाण बिघडते. इथे सगळे सपाट होते. वीजपुरवठ्याचे ५ आणि १२ व्होल्टचे दाब मर्यादेत मिळाले. रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ चालवून ठेवला.

८ जून

सकाळी मेमटेस्टमध्ये एकही चूक नव्हती. रॅम सदोष असेल तर डिस्कवर जाणारी माहिती आधीच चुकीची झालेली असते आणि दुरुस्त केलेली फाइल पुन्हा बिघडते, त्यामुळे ही चाचणी रात्र घेते म्हणून टाळू नये.

नंतर हलक्या लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून संगणक सुरू करून डिस्कचे स्मार्ट गुणधर्म, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदी, वाचले. १९९ क्रमांकाचा गुणधर्म केबलमधून माहिती जाताना होणाऱ्या चुका मोजतो. तो शून्य होता, म्हणजे आयडीई केबलवर संशय घेण्याचे कारण उरले नाही. १९७ क्रमांकाचा गुणधर्म मात्र शून्य नव्हता. जे सेक्टर डिस्कला वाचता येत नाहीत आणि ज्यांच्या जागी राखीव सेक्टर देण्याचा निर्णय अजून झालेला नाही, ते यात मोजले जातात. ५ क्रमांकाच्या, म्हणजे आधीच बदलून दिलेल्या सेक्टरांच्या गुणधर्मातही काही आकडा होता. इथे मूळ कारण हाती लागले : फाइल कोणी पुसली नव्हती, ती ज्या जागेवर लिहिलेली आहे ती जागा डिस्कला वाचता येत नव्हती.

या टप्प्यावर बहुतेक सूचनांमध्ये ‘रिकव्हरी कन्सोलमधून चेकडिस्क /आर चालवा’ असे लिहिलेले आढळते (कन्सोल म्हणजे विंडोजच्या सीडीवरून चालणारा आज्ञांचा पडदा, आणि चेकडिस्क म्हणजे डिस्क तपासणारी आज्ञा). मूळ डिस्कवर हे करू नये, असे माझे ठाम मत आहे. ही आज्ञा संपूर्ण डिस्क पुन्हा पुन्हा वाचायला लावते, दमलेल्या डिस्कवर ताण वाढवते, आणि जे क्लस्टर (सेक्टरांचे गट) वाचता येत नाहीत ते खराब म्हणून नोंदवून त्यांच्या जागी फाइलमध्ये रिकामी माहिती बसवते. कदाचित पुढच्या प्रयत्नात वाचता आला असता असा सेक्टरही मग फाइलपासून तुटतो. शिवाय ही खराब जागांची नोंद डिस्कच्या प्रतीत जशीच्या तशी उतरते आणि नव्या, निरोगी डिस्कवरही त्या जागा उगाच बंद राहतात.

म्हणून डिस्क बाहेर काढून, स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या आयडीई-यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडली आणि डीडीरेस्क्यू या साधनाने तिची इमेज, म्हणजे सेक्टरन् सेक्टरची प्रत, काढायला घेतली. पहिल्या फेरीत ‘-एन’ हा पर्याय दिला, म्हणजे जे सहज वाचता येते ते सगळे आधी सुरक्षित होते आणि अडलेल्या जागा मागे राहतात. कोणत्या जागा वाचल्या गेल्या याची नोंद ठेवणारी मॅप फाइल दिल्याशिवाय हे काम सुरू करू नये. वीज गेली किंवा डिस्क अडकली तर काम थांबले तिथूनच पुढे नेता येते ते त्या फाइलमुळेच. पहिली फेरी संध्याकाळपर्यंत झाली. अडलेल्या जागांसाठी दुसरी फेरी ‘-डी -आर३’ या पर्यायांसह, म्हणजे थेट वाचन आणि तीन फेरप्रयत्न, लावली. उरलेल्या मूठभर सेक्टरांना बाकीच्या सगळ्या डिस्कपेक्षा जास्त वेळ लागला, आणि मधेमधे डिस्क गरम झाल्यावर ती बंद करून थंड होऊ द्यावी लागली. या कामाला जो वेळ लागतो त्यात कपात करता येत नाही.

११ जून

इमेज तयार झाली. काही सेक्टर शेवटपर्यंत वाचले गेले नाहीत. ते कोणत्या फाइलींचे आहेत हे शोधणे हा या कामातला सर्वांत उपयोगी भाग ठरला, आणि तो सहसा कोणी करत नाही.

डीडीरेस्क्यूची मॅप फाइल खराब जागा डिस्कच्या आरंभापासून बाइटमध्ये देते. त्या आकड्याला ५१२ ने भागले की सेक्टर क्रमांक मिळतो. एक्सपीने बनवलेला पहिला विभाग ६३व्या सेक्टरपासून सुरू होतो, म्हणून विभागाच्या आतला क्रमांक काढण्यासाठी त्यातून ६३ वजा करावे लागतात. तो क्रमांक एनटीएफएसक्लस्टर या लिनक्सच्या साधनाला दिला की त्या जागेवर कोणती फाइल आहे ते कळते. हिशेब कंटाळवाणा आहे, पण त्याने अंदाज संपतात.

उत्तर असे आले. काही सेक्टर पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरायच्या फाइलमध्ये, होते. ती फाइल विंडोज दर वेळी नव्याने वापरते, त्यामुळे तिथले नुकसान नगण्य आहे. काही सेक्टर कॉन्फिग फोल्डरमधल्या ‘सिस्टम’ या फाइलमध्येच होते. काही सिस्टम रिस्टोअरच्या, म्हणजे मागच्या स्थितीवर परत जाण्यासाठी विंडोज ठेवते त्या नोंदींपैकी, सर्वांत ताज्या नोंदीत होते. आणि एक सेक्टर सिस्टम३२ मधल्या लोकलएसपीएल डॉट डीएलएल या फाइलमध्ये होता. प्लॉटरच्या प्रोग्रॅमचे संपूर्ण फोल्डर शाबूत निघाले, ज्याचे समाधान शब्दांत सांगणे कठीण आहे.

या शेवटच्या डीएलएल फाइलविषयी कोणताही संदेश आलेला नव्हता, कारण संगणक तिथपर्यंत पोहोचतच नव्हता. संदेशात एका फाइलचे नाव असते म्हणून बिघाड एकाच फाइलचा आहे असे धरून चालता येत नाही.

१२ जून

दुसरी वापरलेली पण स्मार्टमध्ये स्वच्छ असलेली आयडीई डिस्क मिळवली. ती मूळ डिस्कपेक्षा एका सेक्टरनेही लहान असून चालत नाही. ‘८० गीगाबाइट’ असे लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्कांचा खरा आकार वेगळा असू शकतो, म्हणून सेक्टरांची संख्या आधी जुळवून पाहिली. इमेज तिच्यावर उतरवली. केबल ८० तारांची आहे : निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मास्टर म्हणजे पहिल्या डिस्कला, मधले करडे टोक स्लेव्ह म्हणजे दुसऱ्या डिस्कला. जंपर मास्टरवर ठेवला.

आता ही प्रत आहे, म्हणून तिच्यावर चेकडिस्क चालवायला हरकत नव्हती. सीडीवरून सुरू करून ‘आर’ दाबले आणि रिकव्हरी कन्सोलमध्ये चेकडिस्क /आर दिले. तिने निर्देशिकांतल्या काही विसंगती दुरुस्त केल्या. पुन्हा सुरू केल्यावर तोच संदेश आला.

असे का झाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. चेकडिस्क फाइल प्रणालीची मांडणी तपासते : कोणती फाइल कुठे आहे, कोणता क्लस्टर कोणाच्या नावावर आहे. फाइलच्या आत काय लिहिले आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. नव्या डिस्कवर सगळे सेक्टर वाचता येत होते, फक्त जे मूळ डिस्कवरून मिळाले नाहीत त्यांच्या जागी शून्ये होती. चेकडिस्कच्या दृष्टीने ही फाइल निर्दोष होती. फाइलचे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पाहिल्यावर तिची पहिली चार अक्षरे ‘आरईजीएफ’ ही नीट होती, पण पुढे जिथे प्रत्येक खंडाच्या आरंभी ‘एचबीआयएन’ ही खूण असायला हवी तिथे काही ठिकाणी नुसती शून्येच होती. लोडरने हाइव्ह नाकारणे योग्यच होते.

१४ जून

‘सिस्टम’ हाइव्हची चांगली प्रत दोन ठिकाणी मिळू शकते. पहिले ठिकाण म्हणजे विंडोजमधले ‘रिपेअर’ हे फोल्डर. तिथली प्रत बहुधा विंडोज स्थापन केले त्या दिवसाची असते; नंतर बसवलेले ड्रायव्हर आणि सेवा तिच्यात नसतात. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत पद्धतीत आधी रिपेअरमधले पाचही हाइव्ह, म्हणजे सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डीफॉल्ट, जागेवर ठेवून विंडोज कसेबसे सुरू करायचे आणि मग आतून सिस्टम रिस्टोअरची नोंद वापरायची असा टप्प्याटप्प्याचा मार्ग दिलेला होता. तिच्यात एक इशाराही होता : संगणक उत्पादकाने विंडोज आधीच टाकून दिलेल्या यंत्रावर हे करू नये, कारण तिथल्या मूळ हाइव्हमुळे पूर्वी नसलेली वापरकर्ता खाती आणि परवलीचे शब्द तयार होतात.

हा लांबचा मार्ग अधिकृत पद्धतीला घ्यावा लागतो, कारण रिकव्हरी कन्सोलला ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या फोल्डरमध्ये शिरू दिले जात नाही आणि रिस्टोअरच्या नोंदी तिथेच असतात. कन्सोलची कॉपी आज्ञाही एका वेळी एकच फाइल घेते. लिनक्सला ही बंधने नाहीत, म्हणून पहिला टप्पा गाळून थेट रिस्टोअरच्या नोंदीकडे गेलो.

त्या फोल्डरच्या आत ‘_रिस्टोअर’ ने सुरू होणारे एक लांब नावाचे फोल्डर, त्यात आरपी आणि क्रमांक अशा नावांची फोल्डरे, आणि प्रत्येकाच्या आत ‘स्नॅपशॉट’ असते. स्नॅपशॉटमध्ये ‘_रजिस्ट्री_मशीन_सिस्टम’ या नावाची फाइल मिळते. तीच आपल्याला हवी असलेली प्रत.

इथे बॅटरीचा बिघाड पुन्हा समोर आला. तारखेनुसार लावल्यावर सर्वांत जुन्या दिसणाऱ्या नोंदी २००२ सालच्या होत्या, पण त्यांचे क्रमांक सर्वांत मोठे होते. बॅटरी मेल्यापासून संगणक प्रत्येक वेळी २००२ मध्ये जागा होत होता आणि त्या तारखेने नोंदी करत होता. म्हणजे तारखेवर विश्वास ठेवून ‘ताजी’ नोंद निवडली असती तर हाती खरोखर जुनी नोंद आली असती. आरपीचा क्रमांक वाढतच जातो, म्हणून क्रमांक प्रमाण मानला. सर्वांत मोठ्या क्रमांकाची नोंद ११ तारखेच्या हिशेबात खराब ठरली होती. तिच्या लगेच आधीची घेतली.

जागेवर ठेवण्याआधी त्या फाइलची आणखी एक प्रत काढून दुसऱ्या विंडोज संगणकावर रजिस्ट्री एडिटरच्या ‘लोड हाइव्ह’ने उघडून पाहिली. मूळ फाइल कधीही अशी उघडू नये, कारण उघडणारे विंडोज तिच्यात बदल करू शकते. हाइव्ह विनातक्रार उघडला. ‘सिलेक्ट’ या शाखेत ‘करंट’ आणि ‘लास्टनोनगुड’ यांचे आकडे ज्या कंट्रोल सेटकडे बोट दाखवत होते ते सेट आत अस्तित्वात होते, आणि सेवांच्या यादीत प्लॉटरच्या ड्रायव्हरचे नाव होते.

फक्त ‘सिस्टम’ बदलायचा की पाचही, यावर बराच विचार केला. पाचही एकाच नोंदीतून घेतले तर ते परस्परांशी जुळतात, हा त्यातला लाभ आहे. पण बाकीचे चार हाइव्ह पूर्ण वाचले गेले होते, त्यांत एकही खराब सेक्टर नव्हता, आणि निवडलेल्या नोंदीनंतर या संगणकावर कोणताही नवा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम बसवलेला नव्हता. जे शाबूत आहे त्याला हात लावू नये या विचाराने एकच बदलायचे ठरवले. बिघडलेल्या फाइलचे नाव बदलून ती तिथेच ठेवली, शेजारची सिस्टम डॉट लॉगही बाजूला केली, कारण तिच्यात जुन्या हाइव्हचे अपुरे बदल असतात, आणि नवी प्रत ‘सिस्टम’ या नावाने ठेवली. नावाला कोणतेही विस्तारनाम नसते, हे लक्षात ठेवावे.

१५ जून

नवी डिस्क लावून संगणक सुरू केला आणि एक्सपी थेट लॉग-इनच्या पानापर्यंत आले.

पहिल्या वेळी सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नये. प्रतीमध्ये डिस्कची सहीसुद्धा उतरलेली असते आणि कोणत्या विभागाला कोणते अक्षर द्यायचे हे एक्सपी त्या सहीवरून ठरवते. एकाच सहीच्या दोन डिस्का दिसल्या तर ते एकीची सही बदलते, अक्षरे इकडची तिकडे होतात, आणि मग लॉग-इन होताच लॉग-ऑफ होण्यासारखे प्रकार घडतात ज्यांचा मूळ बिघाडाशी काही संबंध नसतो.

प्लॉटरचा प्रोग्रॅम उघडला आणि त्याने परवान्याची मागणी केली नाही. मात्र प्रिंटर आणि प्लॉटर यांची यादी रिकामी होती आणि छपाईची कामे हाताळणारी प्रिंट स्पूलर ही सेवा सुरू होऊन लगेच बंद पडत होती. ११ तारखेच्या यादीतली लोकलएसपीएल डॉट डीएलएल ही स्पूलरचाच भाग असल्याने कारण शोधत बसावे लागले नाही. एक्सपीचे फाइल संरक्षण अशा वेळी गप्प राहते, कारण ते फाइलवर कोणी लिहिते आहे का एवढ्यावरच पाळत ठेवते. डिस्कवरची जागाच खराब झाली तर त्याला ते कळत नाही.

विंडोजच्या फाइली तपासणारी एसएफसी /स्कॅननाउ ही आज्ञा दिल्यावर तिने सर्व्हिस पॅक ३ ची सीडी मागितली. हाताशी सर्व्हिस पॅक २ ची होती, आणि ती दिल्यावर चुकीची सीडी असल्याचे उत्तर आले. सीडीवरून ही एक फाइल हाताने उलगडून ठेवता आली असती, पण ती सर्व्हिस पॅक २ ची, म्हणजे बाकीच्या स्पूलरहून जुन्या आवृत्तीची निघाली असती. नव्या सीडीची गरजही नव्हती. सर्व्हिस पॅक नंतर चढवलेला असेल तर त्याच्या फाइली विंडोजमधल्या ‘सर्व्हिसपॅकफाइल्स’ या फोल्डरच्या आय३८६ मध्ये राहतात. तिथे लोकलएसपीएल होती आणि तिची आवृत्ती ५.१.२६००.५५१२ होती. २१८० ने संपणारी आवृत्ती सर्व्हिस पॅक २ ची आणि ५५१२ ने संपणारी सर्व्हिस पॅक ३ ची, एवढे लक्षात ठेवले की गुणधर्मांच्या खिडकीत पाहून फाइल कोणत्या पिढीची आहे ते ओळखता येते.

बदलण्याआधी एफसी /बी या आज्ञेने दोन्ही फाइली बाइटनिहाय ताडून पाहिल्या. फरक एकाच सलग पट्ट्यात होता, आणि बिघडलेल्या फाइलमध्ये तो पट्टा एका सेक्टरच्या लांबीचा, शून्यांनी भरलेला होता. मॅप फाइलवरून मांडलेला हिशेब बरोबर असल्याचा याहून चांगला पुरावा मिळाला नसता. स्पूलर थांबवून चांगली फाइल आधी विंडोज आपल्या फाइलींच्या प्रती जिथे ठेवते त्या डीएलएलकॅश या फोल्डरमध्ये आणि मग सिस्टम३२ मध्ये ठेवली. यादीत प्लॉटर परत दिसला.

एकेक डीएलएल फाइल फुकट उतरवून देणाऱ्या संकेतस्थळांकडे या कामात अजिबात वळू नये. त्यांवरची फाइल कोणत्या आवृत्तीची आहे, कोणी बदललेली आहे का, हे कळायला मार्ग नसतो, आणि संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर तीच फाइल बहुधा डीएलएलकॅश, सर्व्हिसपॅकफाइल्स किंवा मूळ सीडी यांपैकी कुठेतरी असतेच. ज्यांना हाल डॉट डीएलएलचा संदेश येतो त्यांनी अधिक सावध राहावे. सीडीवर हालचे अनेक प्रकार असतात आणि स्थापनेच्या वेळी यंत्राला साजेसा प्रकार ‘हाल डॉट डीएलएल’ असे नाव देऊन ठेवला जातो. सीडीवरची त्याच नावाची फाइल उलगडून ठेवली तर ती साध्या जुन्या पीसीसाठीची निघते आणि संगणक तरीही सुरू होत नाही. कोणता प्रकार वापरला होता ते रिपेअर फोल्डरमधल्या सेटअप डॉट लॉगमध्ये लिहिलेले असते. आणि तो संदेश बूट डॉट आयएनआयमध्ये विभागाचा क्रमांक चुकला तरी येतो, म्हणून आधी ती फाइल पाहावी : तिथे डिस्कची मोजणी शून्यापासून आणि विभागांची एकपासून असते.

प्लॉटरवर चाचणीचा एक नमुना कापला. पॅरलल पोर्टची पद्धत बायोसमध्ये पूर्वीप्रमाणे ठेवलेली असल्याने पहिल्याच वेळी कापणी नीट झाली.

२२ जून

संगणक रोजच्या कामात आहे आणि घड्याळ बरोबर चालते आहे. नव्या डिस्कचे १९७ आणि ५ हे दोन्ही गुणधर्म शून्यावर आहेत.

पुढच्या वेळी सीडी शोधावी लागू नये म्हणून विनएनटी३२ /सीएमडीकॉन्स या आज्ञेने रिकव्हरी कन्सोल डिस्कवरच बसवायचा होता. सीडीवरचे विंडोज संगणकावरच्या विंडोजहून जुने असल्याचे सांगून तिने नकार दिला. त्यासाठी सर्व्हिस पॅक ३ मिसळलेली सीडी तयार करावी लागते. ती खटपट सोडून दिली, कारण कन्सोलपेक्षा लिनक्सची लाइव्ह सीडी या कामात जास्त उपयोगी पडली होती. ती सीडी आता संगणकाच्या पेटीतच ठेवली आहे.

एनटीबॅकअप या विंडोजच्या प्रत काढण्याच्या प्रोग्रॅममधून ‘सिस्टम स्टेट’ची, म्हणजे रजिस्ट्री आणि बूट फाइलींची, प्रत काढली. तिचा एक लाभ असा की ती घेताना रिपेअर फोल्डरमधले हाइव्हही ताजे होतात, म्हणजे तिथे स्थापनेच्या दिवसाची नव्हे तर आजची रजिस्ट्री राहते. एक्सपीच्या होम आवृत्तीत एनटीबॅकअप आधीपासून बसवलेले नसते. ते सीडीवरच्या ‘व्हॅल्यूअ‍ॅड’ या फोल्डरमधून बसवावे लागते. नंतर संगणक बंद करून चालू स्थितीतल्या डिस्कची पूर्ण इमेज काढली, तिच्या प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवल्या आणि त्यांपैकी एक प्रत पुन्हा उतरवून ती खरोखर सुरू होते याची खात्री केली. जुनी डिस्क ‘वाचू नये, लिहू नये’ अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवली आहे. दर महिन्याला स्मार्टचे दोन आकडे वहीत उतरवायचे काम संगणकाच्या मालकांनी स्वतःकडे घेतले आहे.